पाट्याखालचं पुस्तक

पुस्तक म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं चुकीचंच ठाऊक होतं, आणि ते तसं शिकवणारा माझा सख्खा थोरला भाऊ. दादा मुंबईला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. स्वतःला अक्षरओळख नाही. छापून आलेल्या फर्म्यांच्या, म्हणजे आठ-सोळा पानांच्या घड्यांच्या, खुणा बघून ते ओळीने लावायचे आणि शिवायचे, एवढंच त्याचं काम. जे फर्मे डागाळत ते रद्दीत जात. त्यातले धड असतील ते मालकाला विचारून तो उचलायचा, हाताला लागतील तसे एकत्र शिवायचा आणि शिमग्याला घरी येताना माझ्यासाठी एक जाडजूड पुस्तक आणायचा.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. मला शाळेत घातलं तेही दादाच्याच हट्टाने. पुस्तकं काय शिजवून खायची आहेत का, असं आई उठता बसता म्हणायची. माझ्या पुस्तकात राजकन्या रानात वाट चुकायची आणि पान उलटलं की गाईचं पोट फुगलं तर काय करावं ते सुरू व्हायचं. मग ग्रह-तारे, मग कुठलीशी लढाई, मग दुसरीच कोणी बाई रडत बसलेली. मला वाटे, पुस्तक असंच असतं. राजवाड्यातही गुरं असतील, त्यांचीही पोटं फुगत असतील! आणि खरं सांगते, त्या राजकन्येपेक्षा गाईचं पोटच मला पुढे जास्त उपयोगी पडलं.

एका वर्षी दादा शिमग्याच्या आधीच आला. दासगावला मुंबईच्या बोटीतून उतरला तो दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. खोकल्यातून रक्त पडत होतं. वैद्याने नाडी बघितली आणि आईला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मग आमच्या अंगणात कोणी पाय ठेवीना. दादाचं अंथरूण पडवीत घातलं.

पहिल्याच संध्याकाळी त्याने मला जवळ बोलावलं. "जल्मभर शिवत आलो गो बाय. आत काय हाय, तेवढं वाचून दाव."

मी सगळं वाचलं. गुरांचं त्याला पटलं, ताऱ्यांचं पटलं नाही. पण एका गोष्टीत मात्र तो अडकला. सासरहून हाकललेली एक पोर पुरात होडीत बसते, होडी मधोमध जाते, दोर तुटतो, आणि तिथेच फर्मा संपतो. पुढच्या पानावर भिंतीला चुना कसा द्यावा ते. दादा रोज विचारायचा, होडीचं काय झालं असेल? मला काय माहीत, मी म्हणायची. पुढचा फर्मा आपणच रद्दीत टाकला असणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आपल्यामुळे ती पोर पाण्यात राहिली, असं तो खरंच धरून बसला. माझा जीव तुटायचा.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्या कादंबरीचं नाव होतं. ते शाळेतल्या मास्तरांना दाखवलं. ही महाडच्या वाचनालयात असेल, म्हणाले, आणि आपल्या नावावर चिठ्ठी दिली. हिरड्याची गाडी महाडला निघाली होती, तिच्यात बसून गेले. तिथे बघते तर गोष्टी एका कपाटात, शेती दुसऱ्यात, इतिहास तिसऱ्यात! पुस्तकं अशी वेगवेगळी राहतात हे मला तेव्हा कळलं. एकीकडे हावरटासारखं झालं, हे सगळं कधी वाचीन असं. दुसरीकडे दादाची कीव आली, त्याची सगळी बांधणी एकदम खोटी ठरल्यासारखी. मागितलेलं पुस्तक घेतलं आणि परतले.

दादाने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. पुस्तक पार खिळखिळं झालं होतं, पानं लोंबत होती. मी शेवट काढायला गेले तर त्याने हात धरला. आधी बांधणार, म्हणाला. मी चिडले, अरे, आधी ऐक तरी, रोज विचारून माझं डोकं खाल्लंस ना! पण तो ऐकेल तर शपथ. लोकांचं पुस्तक असं परत द्यायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. दोन टाके घालायचा, धाप लागली की आडवा व्हायचा, पुन्हा उठून बसायचा. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी तांदळाच्या पिठाची खळ लावली, आईचा पाटा मागून घेतला आणि पुस्तक त्याच्याखाली दाबून ठेवलं. सुकल्याबिगर उघडायचं नाय, म्हणाला. चेहऱ्यावर समाधान होतं, ते मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

पुस्तक सुकायच्या आत दादा गेला.

जिथे प्राण गेला तिथे पडवीत दिवा लावला होता, पीठ पसरून वर टोपली घातली होती. तिसऱ्या दिवशी आईनेच पाटा उचलला आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्याची पाठ काठीसारखी ताठ झाली होती, एक पान हलत नव्हतं. मी दिव्याशी बसून दोर तुटला तिथून वाचायला लागले. मनातल्या मनात.

आई शेजारी येऊन बसली.

"मोठ्यानं वाच गो," ती म्हणाली. "त्याला आयकू जाऊ दे."

मी मोठ्याने वाचलं. होडी पल्याड लागली होती.