भूगोलाच्या बाईंनी खणलेला चर

मी डोंबिवलीची. फ्लॅटमध्ये वाढलेली. पावसाचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मला लग्न होऊन वैशाखऱ्याला येईपर्यंत कधी पडला नव्हता. टोकावड्याच्या शाळेत मी भूगोल शिकवते, म्हणजे नद्या कुठून निघतात आणि कुठे मिळतात हे मला तोंडपाठ. पण आमच्या घरामागच्या टेकाडावरून निघालेलं पाणी तीन पावसाळ्यांपूर्वी थेट स्वयंपाकघराला मिळालं, तेव्हा मी बघतच राहिले. मागच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला तरंगत आत आल्या आणि गॅसच्या सिलिंडरला टेकून थांबल्या. सासूबाईंनी त्या उचलल्या, झटकल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणे आले."

पुढच्या मे महिन्यात सुट्टी लागल्याबरोबर मी जाहीर केलं, की यंदा घराभोवतीचा चर मी खणणार. नवरा मुरबाडच्या कारखान्यात कामाला, त्याची शिफ्ट ठरलेली. तो म्हणाला, "रविवारी करू." हा रविवार गेला महिनाभर येत होता. मग मीच कुदळ घेतली.

आधी वहीत नकाशा काढला. घर, टेकाड, उंच भाग, सखल भाग, बाण. मोबाइलवर उतार मोजायचं एक अ‍ॅपसुद्धा घेतलं. तीन दिवस सकाळी ऊन चढेपर्यंत खणत होते. हाताला फोड आले. सासूबाई पडवीत बसून चिंचा फोडत होत्या. मधूनच मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चिंचेत डोकं घालायच्या. मला वाटलं, कौतुक चाललंय.

चौथ्या दिवशी चर पूर्ण झाला. मी त्यांना बोलावलं. "आई, बघा."

मे महिन्यात आमच्याकडे हंडाभर पाणी म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यांनी धुण्याचं साबणाचं पाणी बादलीत राखून ठेवलं होतं, ते आणून चराच्या वरच्या टोकाला ओतलं. पाणी निघालं, वळणावर जरा थांबलं, विचार केल्यासारखं केलं आणि डौलात उलटं फिरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलं.

"शाळंत भूगोलच शिकवतेस ना गो?" सासूबाईंनी विचारलं.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"एवढ्या हौसेनं खणत होतीस. म्हटलं, होऊं दे मनासारखं."

भातशेतीत जन्म गेलेली बाई ती. खाचरातलं पाणी कुठून फोडायचं आणि कुठे अडवायचं, हे त्यांच्या पायांना कळतं. त्या अंगणभर अनवाणी फिरल्या आणि पुढच्या बाजूला टाच आपटत म्हणाल्या, "जुना चर हितं हाय. खाली."

'हितं' म्हणजे घरात पाणी शिरलं त्याच्या आदल्या दिवाळीत नवऱ्याने मोटारसायकल उभी करायला घातलेल्या सिमेंटच्या कोब्याखाली. "मी तवाच बोलली त्याला. तो म्हणला, आई, जमाना बदललाय. जमाना बदलला, पण पाण्याला कोणी सांगितलं नाय."

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा आम्ही दोघी पहार घेऊन कोब्यावर उभ्या होतो. त्याने हेल्मेटसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "निदान गाडी तरी बाजूला घेऊ द्या." शेवटी कोबा त्यानेच फोडला, प्रत्येक घावाला उसासा टाकत. खाली खरंच दगड बसवलेला जुना चर निघाला. माझ्या चराचा उतार सासूबाईंनी सांगितला तसा सुधारून आम्ही तो त्याला जोडला.

हा चर पुढे शेजारच्या बाबांच्या आवारातून ओहोळाला मिळत होता. पण त्याच्या तोंडावर आता बाबांनी सरपणाची भलीमोठी रास रचली होती. सासूबाई त्यांना भावजी म्हणतात आणि दिवसातून एकदा तरी भांडतात.

"भावजी, लाकडं हलवा. पाण्याची वाट हाय ती."

"पाणी तुमचं, लाकडं माझी. मी का हलवू?"

"मी हलवते," मी म्हणाले. ते लगेच तयार झाले. मग एक अख्खी दुपार मी सरपण वाहत होते आणि बाबा खाटेवर बसून जाड लाकडं खाली, बारीक वर, अशा सूचना करत होते. विंचू निघाला तेव्हा मात्र ते चपळाईने खाटेवर उभे राहिले.

जुलैत एका शनिवारी सिद्धगडाच्या बाजूने असं काही भरून आलं, की शाळा लवकर सुटली. मी घरी पोहोचेपर्यंत टेकाडावरून लाल पाण्याचा लोंढा सुरू झाला होता. सासूबाई आणि मी मागच्या दारात उभ्या राहिलो. पाणी आलं, कोपऱ्यावर वळलं आणि उंबऱ्याला न शिवता अंगणातून ओहोळाकडे निघून गेलं. मी टाळ्या वाजवल्या. वर्गात कुठल्याच नदीसाठी मी एवढी खूश झाले नव्हते.

अर्ध्या तासाने चरात काहीतरी चमकलं.

"मासं!" सासूबाई ओरडल्या. ओहोळ भरला होता आणि चढणीचे मासे आमच्या चरातून उलटे वर येत होते. त्या टोपली घेऊन धावल्या. दोन-तीन हाती लागले आणि मग मासे यायचेच थांबले. उलट पाणी तुंबून उंबऱ्याकडे चढायला लागलं. मला काही कळेना. साडी खोचून मी चराच्या कडेने खाली पळाले. बघते तर बाबा गुडघाभर पाण्यात बसलेले, आणि चराच्या तोंडावर पोतं बांधलेली मोठी बांबूची पाटी अडकवलेली.

"बाबा, काढा ती! आमच्या घरात पाणी शिरतंय!"

"थांब गो, आता तर लागलेत."

मी थांबले नाही. पाटी दोन्ही हातांनी उपसली. पाणी धाडकन सुटलं, बाबा बसल्या जागी कलंडले आणि पाटीतले मासे आवारभर उडाले. सासूबाई आल्या. मग आम्ही तिघं चिखलात रांगत, घसरत मासे धरत होतो, आणि भांडणही चालूच होतं.

"मासं आमच्या चराचं!"

"चर तुमचा, तोंड माझ्या आवारात!"

"लाकडं मी वाहिली," मी मध्येच म्हणाले. मी तिथेच निवाडा केला: मासे निम्मे निम्मे, आणि पाटी लावायची असेल तर चराच्या बाजूला, तोंडावर नाही.

नवरा आला तेव्हा आम्ही दोघी पाटावर बसून मासे साफ करत होतो. त्याने घाबरून आत डोकावलं. जमीन कोरडी ठक्क होती.

"पाणी नाही शिरलं?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या, "तुझी बायको शिरली पाण्यात."

यंदा सुट्टीत मी कुदळ घेऊन बाहेर पडले, तर बाबांनी त्यांच्या बाजूचा चर आधीच साफ करून ठेवला होता, बाजूला पाटी मावेल असा, गरजेपेक्षा जरा रुंदच. मी आमच्या बाजूचा गाळ काढायला लागले.