दाराजवळच्या खुर्च्या

मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यापासून आम्ही लग्नाकार्यात दाराजवळच बसायचो; तो ओरडायला लागला की पटकन बाहेर पडता यावं म्हणून. पदवी घेतलेला घरात मी पहिलाच, पण त्याच्याशी कसं वागावं हे मला उमगत नव्हतं. डॉक्टरांनी औरंगाबादेत अशा मुलांच्या पालकांच्या बैठकीला पाठवलं. कन्नडहून एसटीनं पोचलो, तर दाराजवळच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या आणि पुढची रांग मोकळी.

"लवकर यावं लागतं, भाऊ," एक आई हसून म्हणाल्या. "इथं समदेच पळायच्या तयारीनं येतात."

आम्ही नाइलाजानं पुढं बसलो. थोड्या वेळानं मुलगा ओरडला, तसा मी उठलो.

"बसा हो," मागून त्याच बाई म्हणाल्या, "आमची लेक तर अजून सुरूच झाली नाय."

मी खाली बसलो आणि मुलाशी कसं वागावं, हा माझा पहिला प्रश्न बैठकीत विचारला.