पाटीवरची दुसरी ओळ

आमच्या दारावरची पाटी वाचणारा दुसऱ्या ओळीवर हमखास अडखळतो. आज कुरिअरवाल्याचं बोटही तिथंच थांबलं. वर करंजवडेकर, खाली झालेस्का. खालचं आडनाव माझ्या पोलिश सुनेचं.

तेवढ्यात शेजारचे नाना म्हणाले, "अहो, लग्न झालंय ना तिचं? मग एकच ठेवा की! पाटी आहे का मतदारयादी?"

पाटी नऊ बाय सहा इंचांची आहे. दोन्ही ओळी नीट मावतात, मी मोजूनच करून घेतली. सून सांगते, तिचं आडनावही आमच्यासारखं गावावरून पडलेलं. झालेस्का, म्हणजे रानापलीकडच्या गावची. ते गाव युद्धात जळालं, पुन्हा वसलं नाही. आमचं करंजवडे धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चावडीच्या चार पायऱ्या दिसतात, तेवढंच. आता दोन्ही गावांना राहायला आडनावाखेरीज जागा नाही.

"नाना," मी म्हणालो, "माझं गाव उठवलं तेव्हा मी गप्प बसलो. तिचं माझ्या दारातून उठणार नाही."

पाटीला दोन स्क्रू होते. दुपारी आणखी दोन मारले.