मरळ, मामाजी आणि करवतीचं पातं

मागच्या हिवाळ्यात रोहूचा काटा मामाजींच्या घशात अडकला. मामाजी म्हणजे माझे सासरे. दवाखान्यात चिमट्याने काढावा लागला, आणि त्या दिवसापासून त्यांनी मासा सोडला. रविवारी आम्ही सगळे मासे खायचो आणि हा मासेवेडा माणूस नुसत्या रश्शात भाकर चुरत बसायचा. मला ते बघवेना. त्यांना पुन्हा मासा खाऊ घालायचाच, असं मी ठरवलं.

ठरवलं म्हणजे आधी यादी केली. मासा: मरळ, कारण कणा आणि बरगड्या सोडल्या तर तिच्यात काटे फारसे नसतात. तुकडे: कण्यापासून सोडवलेल्या उभ्या पट्ट्या. हत्यार: इथे प्रश्नचिन्ह.

पावशी, म्हणजे आमच्याकडची विळी, जाड पात्याची. ती मांसाबरोबर हाडही कापते. भाजीची सुरी ताठ, वळायलाच तयार नाही. मला हवं होतं बारीक, लांब, जरा लवणारं पातं. हिंगणघाटच्या भांड्यांच्या दुकानात मी हाताने आकार काढून दाखवला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, मासा कापाचा हाये का त्याची दाढी कराची हाये?"

शेवटी माझा दीर धावून आला. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर आहे. लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं त्याने आणलं, मशीनवर दाते घासले, दर खेपेला पाण्यात बुडवून. "गरम झालं तं धार जाते, वहिनी." मग दगडावर धार काढली आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. मी पात्याचं टोक बोटाने वाकवून सोडलं, ते टुंग् करून सरळ झालं. मी अंगणातच एक गिरकी घेतली.

रविवारी मरळ आली. हातातून सुटू नये म्हणून तिला राख चोळली, मानेशी चीर दिली, सुरी घातली. आणि सगळा चुथडा! पट्टीऐवजी चिंध्या निघायला लागल्या. दीर पोट धरून हसायला लागला.

"वहिनी, सुरी चालवा ना! मासा काऊन चालवून राह्यल्या?"

खरंच की. सुरीचा हात जागेवर आणि मासा मागेपुढे! जन्मभर पावशीवर बसलेली मी. पातं पायाखाली घट्ट, कापायची वस्तू दोन्ही हातांत. माझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"मंग सुरीच उभी करून दे मले," मी म्हणाले.

"सुरीची पावशी?"

"व्हय. हसू नको, पाट आन."

त्याने जुन्या पाटाला खाच पाडली, मूठ तिच्यात ठोकून बसवली, वर पत्र्याची पट्टी मारली. पातं उभं, धार माझ्याकडे. पाट पायाखाली दाबून मी मरळीची दुसरी बाजू लावली. दोन्ही हातांनी मासा पुढे सरकवला, तसं पातं कण्याला चिकटून वाकत, कट्कट् करत शेपटीपर्यंत गेलं, आणि अख्खी पट्टी माझ्या हातात! मी अशी ओरडले की शेजारीण पदर खोचत धावत आली.

"बोट कापलं का वं?"

"नाई वं, मासा सुटला!"

बरगड्या काढल्या, पट्टीवर बोट फिरवून फिरवून पाहिलं आणि तव्यावर तळली. चिंध्या, कणा आणि डोकं आमच्या रश्शात.

मामाजींच्या ताटात पट्टी वाढली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, चिमटीएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. आमच्यातलं कोणी जेवेना.

"माह्या तोंडाकडं काऊन पाहून राह्यले सारे?" ते म्हणाले. आणि दुसरा घास घेतला. मोठा. मग तिसरा. पट्टी संपली, बोटं चाटून झाली. माझा ऊर असा भरून आला की मला हसू आवरेना.

मामाजींनी मान उंच करून गंजात, म्हणजे रश्शाच्या पातेल्यात, डोकावून पाहिलं.

"हे बरं हाये, पन लेकराच्या जेवनावानी वाटते. मुंडकं कोनाले ठेवलं?"

"मामाजी, त्याले हाडं असतात!"

"मले माईत हाये. वाढ."

वाढलं. चोखून, चघळून, हाडं ताटाच्या कडेला नीट लावत त्यांनी ते संपवलं, आणि आमचं जेवण गार होईपर्यंत आम्ही बघत राहिलो.