शमुवेलकाका गेले असं वाटलं तो शनिवार

उदगीरच्या वाटेवर एका गावात मिशन कंपाउंड आहे. तिथल्या जुन्या दगडी चर्चच्या मनोऱ्यातली घंटा शमुवेलकाका वाजवतात, अगदी मिसरूड फुटल्यापासून. बायको वारली, मुलगी सोलापूरला नांदते. काका चर्चमागच्या एका खोलीत एकटे राहतात. तोंडाने फटकळ. घंटेला उशीर झाला असं कुणी म्हटलं, की "तुमचं घड्याळ पुढं पळतंय" म्हणणार. मला अशी माणसं आवडतात. मीही काही साखरेची पुडी नव्हे.

मी जळकोट तालुक्यात मास्तरीण आहे. माझ्या वर्गाला मनोरा दाखवायचा होता, म्हणून विचारायला गेले, तर काका पायरीवर लसूण सोलत बसले होते.

"आणा की लेकरं. फकस्त रविवारच्या आत आणा."

"का हो काका?"

"रविवारी पंचांची बैठक हाय. पंचांतला आमचा रविकिरण म्हनतो, घंटा मोबाईलमधून भोंग्यावर लावू, दोर काढून ठिवू." मग लसणाची पाकळी निरखत म्हणाले, "त्याचं बी खरं हाय. आता आयकतंय कोन?"

मी म्हटलं, असं कसं, ऐकतात की लोक.

"उगं समजूत काढू नका, बाई."

मी शनिवार ठरवला आणि निघाले.

शनिवारी टेम्पो भरून पोरं नेली. काका इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. मुलांना मनोऱ्याच्या खालच्या खोलीत नेलं, वरून लोंबणारा दोर दाखवला आणि खिसे चाचपले. जिन्याची किल्ली घरी राहिली होती. "आलोच," म्हणत ते गुडघे सांभाळत मागे गेले. मी पाण्याचा जार उतरवायला टेम्पोकडे वळले.

आमची पोरं सोमवारी आईचं बोट धरून महादेवाला जाणारी. घंटा दिसली की हात आपोआप वर जातो, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आमची सृष्टी वर्गाची मॉनिटर. तिने सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या, रांग केली. दोर जड, म्हणून एकाच्या मदतीला दोघं लोंबकळायची. एक टोला, हात जोडायचे, बाजूला व्हायचं, मग पुढचा.

ठण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठण्ण.

काकांनीच वाजवायला दिली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई पिठाच्या हातांनी धावत आली. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून निघाला. दारं उघडत गेली, आणि एक म्हातारी डोळ्याला पदर लावून येताना दिसली. मी तिला अडवून विचारलं, काय झालं?

"मयताची घंटा हाय माय! मयतालाच असा एकेक टोला देतेत. अन् हात शमुवेलचा न्हाई. शमुवेलच गेला वाटतं!"

मी मनोऱ्याकडे पळाले आणि पोरांच्या हातून दोर सोडवला. पण तोवर अंगण भरलं होतं.

तोंडाला दाढीचा फेस, पायांत चप्पल नाही, असा एक माणूस गर्दीतून थेट मागच्या खोलीकडे धावला. तोच रविकिरण, दोर काढू म्हणणारा, हे मागून कळलं. कोपऱ्यावर किल्ली घेऊन येणाऱ्या काकांवर तो आदळला आणि त्यांना मिठीच मारली.

"सोड की! किल्ली पडली माझी," काका ओरडले. मग त्यांनी अंगण पाहिलं. "एवढे कशाला गोळा झाले?"

"तुझ्या मयताला आलो रे मुडद्या!" म्हातारीने त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि रडता रडताच हसू लागली.

मी पोरांना फैलावर घेतलं. सृष्टीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"लेकराला बोलू नका, बाई," काका म्हणाले. त्यांनी इस्त्रीच्या बाहीने डोळे पुसले. "मला वाटायचं, कुनीच आयकत न्हाई."

"आयकतो, काका," रविकिरण म्हणाला. "हात सुदिक वळखतो तुमचा."

माझेही डोळे भरून आले. लपवायचं तरी कुणापासून? सगळ्यांचीच तीच गत होती.

तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. वावरातून, बांधाबांधाने, अजून माणसं लगबगीने येत होती. त्यांना कळवायला हवं होतं. रविकिरणने खिशातून मोबाईल काढला, जरा वेळ हातात धरला आणि पुन्हा खिशात टाकला.

"काका, तुमीच सांगा त्यांना."

काका आत गेले. तळहातांवर थुंकून त्यांनी दोर धरला आणि लग्नाला वाजवतात तशी घंटा झडझडून वाजवली. दगडी भिंती थरथरल्या, पोरांनी कानांवर हात दाबून धरले.

बांधावरची माणसं जागीच थांबली. थोडा वेळ उभं राहून त्यांनी ऐकलं. मग एकाने डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं, आणि ती सगळी आपापल्या कामाला माघारी वळली.