पत्रिका घराबाहेर निघेपर्यंत

"हा ठेवू?" असं ही विचारायची आणि मी तोंड उघडायच्या आत बटण दाबून तो टाइप काढून टाकायची. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दुपारची वेळ. ही पलंगावर तीन उशांना टेकून बसलेली, मांडीवर पाट, पाटावर जुना लॅपटॉप. मी शेजारी स्टुलावर. लॅपटॉपमध्ये अक्षरांचे शेकडो नमुने भरलेले होते, जाड, बारीक, वेलबुट्टीचे. आम्ही त्यांना टाइप म्हणतो, आताची मुलं फॉन्ट म्हणतात. तेच लॅपटॉपच्या गळ्यात अडकलेत, असं माझ्या भाचीनं फोनवर सांगितलं होतं.

"हा बारशाचा. गोल गोल. ठेवू?"

"ठेव की."

"कशाला? आता कोण बारशाच्या पत्रिका काढतंय. गेला."

ही म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. आयुष्यभर घेतलं नाही, आता कागदावर कशाला. परदेशीपुऱ्यात तिला नावानं कोणी ओळखतही नव्हतं. पत्रिकावाल्या काकू म्हटलं की कोणीही घर दाखवायचं. इंदूरात मराठी पत्रिका धड मराठीत छापून देणारे आता किती उरलेत, तुम्ही बघताच आहात. हिंदीवाल्याकडे गेलं की तो काळ्यांचे काले करून देतो आणि वर म्हणतो, चलता है भिया.

आमची ओळख प्रेसमधली. मी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईच्या मशीनवर. ही खिळे जुळवायला. शिशाच्या अक्षरांचे हे खिळे उलटे असतात, त्यामुळे ते उलटेच वाचावे लागतात. हिला ती सवय इतकी लागली की छापलेला कागदसुद्धा ही उजवीकडून डावीकडे तपासायची. मी एकदा म्हटलं, बाई, सुलटं वाचा ना. तर म्हणाली, "सुलटं वाचलं की माणूस अंदाजानं वाचतो. छापलं की गेलं." हे तिचं ठरलेलं वाक्य. छापलं की गेलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच.

मी सातवी नापास, ती नववीपर्यंत. तेवढ्यावरून ती मला जन्मभर दाबून होती.

प्रेस बंद पडली, शिसं भंगारात गेलं. मी सहा महिने घरात बसलो आणि लोकांना शिव्या दिल्या. ही कॉम्प्युटरच्या क्लासला गेली. पोरांच्या मध्ये बसून शिकली. मग घरातच एक टेबल, एक प्रिंटर, आणि ही. मी कागद कापायचा, घडी घालायची, चहा करायचा.

गिऱ्हाईक आलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला. मुलगा कोण, मुलगी कोण हे नाही. "कोण कोणाशी बोलत नाही ते आधी सांगा. नावं मग." लोक आधी हसायचे. मग खाली बघायचे. मग सांगायचे. कुठल्या काकाचं नाव कुठल्या काकाच्या वर गेलं तर लग्नात ताटं उलटी होतात, हे तिनं पाहिलेलं होतं. ती अशी नावं लावायची की दोन्ही काकांना वाटावं आपणच वर आहोत.

एकदा जुन्या सरदार घराण्यातले एक गृहस्थ आले. आजोबांच्या नावापुढं सगळ्या पदव्या पाहिजेत म्हणाले. लिहून आणल्या होत्या. हिनं वाचल्या. म्हणाली, "एवढं बसत नाही. एक तर कार्ड मोठं घ्या, नाहीतर खानदान छोटं करा." मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तो माणूस पोट धरून हसला. "वहिनी, भोत तेज हो आप." मोठं कार्ड घेऊन गेला.

मला ती कधी गोड बोलली नाही. मीही नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल आम्ही दोघं एकदाच बोललो, आणि मग कधीच नाही. लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या पत्रिका या घरातून गेल्या. तेवढंच.

मागच्या वर्षी हिचे पाय सुजायला लागले. जिना चढताना थांबायची. हृदय फुगलंय म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं, आणि मग तिथल्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, बाबा, घरी घेऊन जा. मी आत आलो तर ही म्हणाली, "काय म्हणाला? घरी ना? मग तोंड कशाला पाडता. पत्रिका राहिलीय."

ती पत्रिका मागच्या गल्लीतल्या मुलीची होती. त्या मुलीचं लग्न आधी एकदा मोडलेलं. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी नाही म्हटलं. त्या पत्रिकाही आम्हीच छापलेल्या. लोकांनी मुलीच्या आईला सांगितलं, आता तिकडे जाऊ नको, तो हात लाभत नाही. आणि ती बाई अशी की मांजर आडवं गेलं तर घरी परत जाऊन पाणी पिऊन निघणारी. तरी ती आमच्याच दारात आली. म्हणाली, "काकू, घरातले सगळे नको म्हणतायत. पण तुम्ही माझ्या पोरीसाठी तेव्हा रडला होतात. मी तुमच्याकडेच छापणार."

आता बघा, गोष्ट इथं होती. घरात माणूस गेलं की सुतक. सुतकाच्या घरची लग्नाची पत्रिका कोण घेणार? ती बाई तर हात लावणार नाही. तिच्या घरचे म्हणणार, बघ, सांगत होतो. दुसऱ्या वेळीही तेच. आणि ते मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर? मी हे मानत नाही. ही मानायची. निदान दुसऱ्यासाठी मानायची.

"अहो, मी मध्येच गेले तर ते गठ्ठे रद्दी होतील," ही म्हणाली. "आणि त्या पोरीच्या कपाळी कायमचं काहीतरी चिकटेल. आधी पत्रिका घराबाहेर काढा. मग माझं व्हायचं ते होऊ दे."

मी म्हटलं, विजय नगरला जातो, तिथं एका तासात छापून देतात. तर डोळे वटारले. "ती माझ्याकडे आलीय."

पत्रिका तयारच होती. हॉस्पिटलच्या आधी हिनं जुळवून, मुलीच्या आईला दाखवून ठेवलेली. फक्त उघडायची आणि छापायची. आणि लॅपटॉप उघडेना.

त्यात दोष हिचाच. तो लॅपटॉप कितीतरी दिवस रोज सकाळी विचारायचा, नवीन सिस्टिम तयार आहे, टाकू का? मी म्हणायचो, हात लावू नको, चालतंय ते चालू दे. ही रोज नंतर नंतर करायची. मग एके दिवशी हो म्हणाली. का, तर "रोज इतकं अदबीनं विचारतोय बिचारा. किती दिवस नाही म्हणायचं?" दारावर आलेल्या माणसाला पाण्याशिवाय न पाठवणारी बाई. तिनं मशीनलाही पाहुण्यासारखं वागवलं. तो रात्रभर घरघर करत बसला, सकाळी नवीन रंगात उठला, आणि दोनच दिवसांत हिला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

परत आल्यावर चालू केला तर चित्र यायचं, बाण हलायचा, आणि मग सगळं जागच्या जागी थिजायचं. मध्ये ती गोल चकली फिरत राहायची. आम्ही चकलीकडे बघत बसायचो. मी पंख्याच्या जाळीतली धूळ काढली, ट्रेडलचे दात साफ करायच्या ब्रशनं. सायकलच्या पंपानं हवा मारली. ही म्हणाली, "मारा, मारा. पंक्चरपण बघून घ्या."

शेवटी माझ्या भाचीला फोन लावला. ती विजय नगरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. फोन स्पीकरवर ठेवला.

"मामी, टेन्शन नको घेऊ, एक एक करू. आधी सांग, जुन्या सिस्टिमवर परत जायचा ऑप्शन दिसतोय का?"

"कुठं बघू? तो हलतच नाही."

"आणि अपग्रेड कधी केलं? अच्छा. मग तो ऑप्शन गेला असेल मामी, थोडेच दिवस असतो."

"म्हणजे मी हॉस्पिटलात होते तेव्हा गेला."

भाचीकडून बटणं खडखडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बटण दाबून धर आणि बंद कर. चालू होताना परत बंद कर. असं तीनदा. मग तो स्वतःच विचारेल काय करू म्हणून."

"असा गळा दाबून मारायचा का त्याला?"

"हो मामी, मार."

हिच्या बोटात जोर नव्हता. मी दाबलं. तिसऱ्यांदा निळा पडदा आला. भाचीनं सांगितलं तसं करत ही सेफ मोडमध्ये गेली. म्हणजे काय, तर मशीन फक्त जेवढ्यास तेवढं घेऊन उठतं. अक्षरं मोठी मोठी, रंग नाही, पण बाण सरसर पळायला लागला.

"इथं चालतोय ना? मग मशीन ठीक आहे," भाची म्हणाली. "वर कशाचं तरी ओझं आहे. चालू होताना काय काय उघडतं ते बंद कर." केलं. पंचांग बंद, प्रिंटरचा मदतनीस बंद, कुठलं कुठलं बंद. नेहमीच्या मोडमध्ये परत आलो, पत्रिकेचं काम उघडलं, परत चकली. भाचीनं विचारलं, "मामी, तुझ्याकडे फॉन्ट किती आहेत?"

"आहेत तेवढे."

"किती?"

हिनं आकडा सांगितला. भाची म्हणाली, "बाप रे. नवीन सिस्टिम एवढे एकदम पेलत नाहीये, मशीन जुनं आहे. पत्रिकेत लागतात तेवढे ठेव, बाकी काढ. पण आधी दुसरीकडे उतरवून घे हं, परत मिळणार नाहीत."

"नको," ही म्हणाली. "परत कोणाला लागतायत."

भाचीला ऑफिसचं काम आलं, तिनं फोन ठेवला. आणि परत सेफ मोडमध्ये जाऊन आम्ही दोघं बसलो. हिनं इतक्या वर्षांत गोळा केलेले टाइप. कोणी दिलेले, कोणाकडून मागून आणलेले. एकेक उघडून बघत होती आणि काढत होती.

"हा मुंजीचा. देवळासारखा. गेला."

"हा त्या सरदारांचा. गेला."

मग एक जाड काळा टाइप आला. चौकटीत बसणारा. उठावण्याच्या, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या, आणि तेराव्याच्या कार्डांना तोच लावायचो आम्ही. हिचं बोट थांबलं.

"हा ठेवते. लागेल तुम्हाला."

"गप बस."

"खरं सांगते. हिंदीवाला माझं नाव चुकवेल."

मी म्हटलं, "टाक तो आधी." आवाज चढला माझा. हिनं माझ्याकडे बघितलं आणि काढून टाकला. शेवटी दोनच उरले, एक जाड, एक बारीक. हिनं लॅपटॉप नीट चालू केला, पत्रिका उघडली. उघडली. बाण हलत होता. ही हसली नाही. म्हणाली, "कार्डं आणा."

कोरी कार्डं कपाटात होती. जाड कागद असला की आमच्या प्रिंटरमध्ये एकेक हातानं सरकवावं लागतं. मी सरकवत गेलो, ट्रेडलला सरकवायचो तसं. पहिलं कार्ड हिनं हातात घेतलं. स्थळापासून सुरुवात करून उलटं वाचत वर श्रीगणेशापर्यंत गेली. मान हलवली. सगळी छापून, घडी घालून, लाल दोऱ्यानं गठ्ठे बांधेपर्यंत बाहेर दिवे लागले होते.

मी चप्पल घालायला गेलो तर म्हणाली, "आत्ता कुठं? दिवेलागणीनंतर पत्रिका घराबाहेर देतात का कधी?" हा तिचाच नियम, प्रेसपासूनचा. मी म्हटलं, आज नियम सोड. ती म्हणाली, "त्या बाईला त्यातच अपशकुन दिसेल. सकाळी द्या. सकाळपर्यंत मी कुठं जातेय?"

थोडी खिचडी खाल्ली. पाय दाबू का म्हटलं तर नको म्हणाली.

सकाळी मी चहा ठेवला. हाक मारली. उशांना टेकून होती तशीच होती. जवळ जाऊन हात लावला, तेव्हा कळलं.

मी ओरडलो नाही. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. गॅस बंद केला. तिच्या अंगावर चादर नीट केली, डोळे मिटले. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. गठ्ठे पिशवीत भरले, दार ओढून घेतलं आणि मागच्या गल्लीत गेलो.

मुलीच्या आईनं दार उघडलं. पिशवी बघून तिचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना. "या काका, या, बसा." तिनं गठ्ठे देवापुढं ठेवले, वरच्या कार्डाला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. ते कार्ड गणपतीचं, खजराण्याच्या देवळात नेऊन ठेवायचं. मग म्हणाली, "काकू कशा आहेत?"

मी म्हटलं, "झोपलीय."

"झोपू द्या. खूप दगदग झाली त्यांना." तिनं दुसरं कार्ड काढलं, त्यालाही कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिलं. "माणसांतलं पहिलं आमंत्रण तुम्हाला. जोडीनं यायचं हं काका."

"येऊ," मी म्हटलं.

उठायला लागलो तर सोडेना. शुभकामाला आलात, तोंड गोड न करता जायचं नाही. मुलगी आतून पोहे घेऊन आली, वर शेव, बाजूला जिलबी. नाही म्हटलं असतं तर बाईनं चेहऱ्याकडे बघितलं असतं. मी खाली बसून पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. जिलबीही खाल्ली. मुलगी समोर उभी राहून विचारत होती, अजून देऊ का काका, आणि मी म्हटलं, बढिया झालेत, पण बास.

पाणी प्यालो. घरी आलो. आत गेलो नाही. शेजारच्यांच्या दाराची कडी वाजवली आणि सांगितलं.