समक्ष पाहिल्याशिवाय

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. त्यांनी लगेच विचारलं असतं, "समदा जिल्हा हिंडून बघितला का, जावईबापू?" आणि मी खाली मान घालून श्रीगोंदा तालुका आणि फार तर नगर शहर असं कबूल केलं असतं, तर म्हणाले असते, "मग 'माझ्या बघन्यातला' म्हना. मानसानं सांभाळून बोलावं." म्हणून सांभाळून लिहितो. माझ्या बघण्यातला तो सगळ्यांत संशयी माणूस, आणि माझ्या ऐकण्यातला सगळ्यांत गोड गळाही त्यांचाच. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदत होत्या. त्यांच्या मध्ये मी पाय घातला. ते सांगायचं मी पंधरा वर्षं टाळत आलो आहे.

मामा माझ्या बायकोचे मामा. राहायला काष्टीला, थोडी शेती, दोन म्हशी, आणि अंगणात एक लाकडी खुर्ची, जिच्यावर बसण्यापूर्वी ते दररोज तिचे चारही पाय हलवून पाहत. आमच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मी काष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मुलगी श्रीगोंद्याची. मुलाची चौकशी करायचं काम साहजिकच मामांवर आलं. दुसऱ्या कुणी शेजाऱ्यांना विचारलं असतं, साहेबांना विचारलं असतं. मामा एक शेळी घेऊन दवाखान्यात आले. आपण कोण हे सांगितलं नाही. "हिचं काय तरी बिनसलंय," एवढंच म्हणाले. मी शेळीचे डोळे पाहिले, पोट दाबलं, दात पाहिले. शेळी माझ्यापेक्षा धडधाकट होती. मी म्हणालो, "हिला काही झालेलं नाही. घेऊन जा." ते म्हणाले, "औषिद तरी पाजा, फुकाट हाय न्हवं?" मी म्हणालो, "निरोगी जनावराला औषध कशाला?" मामा शेळी घेऊन गेले आणि संध्याकाळी श्रीगोंद्याला निरोप धाडला की पोरगा खरं बोलतो, देऊन टाका. माझं लग्न एका शेळीनं जमवलं, ही गोष्ट आमच्या घरी अजून हसून सांगतात. मी हसत नाही. का, ते पुढे येईल.

लग्नानंतर मामांचे एकेक नमुने पाहायला मिळू लागले. एस.टी.त तिकीट फाडून दिल्यावर ते कंडक्टरच्या हातातल्या उरलेल्या अर्ध्या भागावरचा नंबर वाचून दाखवायला लावत. बाजाराच्या दिवशी बैल घ्यायचा नसला तरी दहा-बारा बैलांचे दात पाहून येत, व्यापारी ओरडे, "आरं, घेनार न्हाईस तर बघतोस कशाला?" तर हे म्हणत, "तू खोटं बोलतोस का खरं, तेवढं बघितलं." माणसं चंद्रावर उतरल्याची बातमी मी त्यांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली. शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "पेपरवाला गेल्ता का संगं?" स्वतःच्या वयाबद्दलही ते जबाबदारी घेत नसत. "आई म्हनायची श्रावनातला हायस. मी तवा भानावर नव्हतो." आणि त्यांनी लिहिलेली सांत्वनाची पत्रं तर तालुक्यात प्रसिद्ध होती. एका सोयऱ्यांना त्यांनी लिहिलं होतं, "आपले वडील वारल्याचे समजले. खरे असल्यास फार वाईट वाटते." त्या सोयऱ्यांनी पुढची दोन वर्षं यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मामांचं म्हणणं, "मी काय चुकीचं लिव्हलं? सांगनारा सुतार हुता. तो मापबी कधी बरूबर सांगत न्हाई."

हा स्वभाव जन्मजात नव्हता. एकदा खळ्यावर बसलेले असताना त्यांनी आपण होऊन मला सांगितलं. तरुणपणी पोलीस पंचनाम्याला त्यांना पंच म्हणून घेऊन गेले होते. बाजारातून चोरीला गेलेला बैल कुणाच्या तरी गोठ्यात सापडला, असा कागद तयार होता. मामा गोठ्याकडे गेलेच नव्हते. रस्त्यावर उभ्या उभ्या 'समक्ष पाहिले' याखाली त्यांनी सही केली. त्या माणसाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे खरा चोर भलताच निघाला. "सुटून आल्यावर त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं हुतं," मामा म्हणाले. "पर तो रोज रामराम घालायचा. म्हनायचा, तुमी बघितलं असंल म्हनूनच सही केली असंल." तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते तोंडानं म्हणायचं नाही.

आता इथे भजनाचा प्रश्न येतो. मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन होई, आणि शेवटी एक जुनं पद म्हटलं जाई. कुणी रचलं ते कुणाला माहीत नव्हतं, पण गावात कुणाच्याही घरी बारसं असो की बारावं, ते पद झाल्याशिवाय कार्य पुरं झालं असं वाटत नसे.

तूच पाडिसी मेघ धरेवर, तूच पिकविसी रान,
हाक ऐकुनी येशी धावत, देवा कृपानिधान.
डोळ्यांनी मी तुज पाहियले, नुरले काही भान.

मामांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. बसायची जागा ठरलेली असे: मधल्या खांबाशी मामा, त्यांच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला पखवाजी, ज्याला एका कानानं कमी ऐकू येई. नवीन होतो तेव्हा मी त्या आवाजातच गुंग असायचो. सहा-सात महिन्यांनी एकदा माझा टाळ चुकला, मी थांबलो, आणि शेजारचे शब्द पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आले. मामा डोळे मिटून, मान डोलावत, अतिशय भक्तिभावानं म्हणत होते:

म्हणे पाडिसी मेघ धरेवर, म्हणे पिकविसी रान,
हाक ऐकुनी येशिल केव्हा, देवा कृपानिधान.
डोळ्यांनी ना तुज पाहियले, नुरले काही भान.

ताल जागच्या जागी, सूर जागच्या जागी, फक्त साक्ष बदललेली. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, तर इकडेतिकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, देवाच्या म्होरं उभं राहून खोटी साक्ष देऊ का? एकदा दिलीया, तेवढी बास."

"मग भजनाला येता तरी कशाला?"

"तो आला तर मी गैरहजर नको," मामा म्हणाले.

हे गुपित मी दोन वर्षं सांभाळलं. सांभाळलं काय, त्याची मला गोडी लागली होती. शेवटच्या पदाला मी मुद्दाम टाळ हळू वाजवायचो आणि त्यांचं 'म्हणे' ऐकायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, घोड नदीच्या पात्रात माणसं वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागली. बायका खडी फोडायच्या कामावर जात. माझ्या दवाखान्यात औषधापेक्षा पंचनामेच जास्त, रोज कुठलं तरी जनावर गेलेलं. भजनी मंडळाच्या बुवांनी पावसासाठी सात दिवसांचं भजन धरलं. पहिले तीन दिवस माणसांनी आभाळाकडे पाहिलं, चौथ्या दिवशी एकमेकांकडे पाहायला लागली. देव ऐकत नाही म्हणजे आपल्यातच कुणात तरी खोट आहे, असं बुवांनी चहा पिताना जाहीर केलं. आधी संशय आला तो शिंप्यावर, त्यानं गुपचूप अंडी खाल्ली म्हणून. मग शाळेतल्या मास्तरांवर, ते कातड्याचा पट्टा घालून बसतात म्हणून. मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या.

"ह्यो कंपाउंडर," बुवा म्हणाले, "दिसभर मेलेली ढोरं चिवडतो आन् त्याच हातानं टाळ धरतो."

"मी फिनाइलनं हात धुतो, बुवा."

"फिनाइलनं विटाळ जातो व्हय?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं की उठवा त्याला. मी परगावचा माणूस, सरकारी नोकर, बायकोला दिवस गेलेले, आणि पाण्याची एकच विहीर चालू होती ती बुवांच्या भावकीची. ही कारणं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगतो आहे. त्या क्षणी मात्र माझ्या मनात एकही कारण नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो. मी म्हणालो, "माझ्या हाताचं काय घेऊन बसलात? आमच्या मामांच्या तोंडचे शब्द ऐका एकदा."

मामा त्या वेळी म्हशीला पाणी शोधायला गेले होते.

त्या संध्याकाळी पद सुरू झालं. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या आवर्तनाला बुवांनी बोट वर केलं आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो. हो, मीही. डोळे मिटून रंगलेले असल्यामुळे मामांना लगेच कळलं नाही. देवळात एकटा त्यांचा आवाज उरला, "डोळ्यांनी ना तुज पाहियले, नुरले काही भान". त्यांनी ओळ शेवटपर्यंत नेली, समेवर आणून ठेवली आणि मग डोळे उघडले.

"थांबलात का?"

"काय म्हनलास तू आत्ता?" बुवा म्हणाले.

"जे हाय ते म्हनलो."

"देव न्हाई म्हनतोस?"

"मी कुटं तसं म्हनलो? त्येबी मी बघितलेलं न्हाई."

"आरं, तुझ्या आज्यानं हेच पद म्हनलंय, जसं हाय तसं!"

"त्यानं बघितलं असंल," मामा म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. आजोबांवर त्यांनी उगाच संशय घेतला नाही, इतकंच.

बुवांनी त्यांना उठायला सांगितलं. मामांनी टाळ उपरण्यानं पुसून टोपलीत ठेवले, खांबाला हात लावला आणि बाहेर गेले. पाऊस त्या सप्ताहात आला नाही. पुढच्या जूनमध्ये आला, आणि बुवांनी त्याचं श्रेय मामांना काढल्याला दिलं. "मग इतकं म्हैने कशाला लागलं?" मामांनी विचारल्याचं माझ्या कानावर आलं.

पण ते पुढचं. भजनातून उठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांनी, बुवांना हे कुणी सांगितलं, याची चौकशी सुरू केली. ज्या माणसानं सुतारानं सांगितलेला मृत्यू मानला नाही, तो हे असं सोडून देईल हे शक्यच नव्हतं. रिकाम्या देवळात त्यांनी पुतण्याला आपल्या जागी बसवून पद म्हणायला लावलं आणि स्वतः एकेका जागेवर बसून कान दिला. पेटीवाल्याच्या जागेवरून शब्द कळत नाहीत. बुवांच्या जागेवरून तर नाहीच. हे सगळं मला बायकोनं सांगितलं. दुपारी मामा दवाखान्यात आले. हातात शेळी नव्हती, एवढाच फरक. बाकावर बसायच्या आधी त्यांनी बाक हलवून पाहिला.

"हिशेब लागला, जावईबापू. ऐकू जातंय ते दोनच जागी. एक पखवाजी."

"बरं."

"त्याचा माझ्याकडचा कान बाद हाय. मी मागनं हाक मारून बघितली."

मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होतो. ती तिरकी लागली. काढून पुन्हा लावली.

"दुसरी जागा तुमची," मामा म्हणाले.

आता बोलायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी हात वर केला.

"तुमी न्हाई. तुमाला मी तपासून घेतलंय. धडधाकट शेळीला तुमी औषिद पाजलं न्हाई. जो मानूस शेळीबद्दल खोटं बोलत न्हाई, तो मामाबद्दल काय बोलंल? कुनीतरी खांबाच्या मागं हुतं. मी बघितलं न्हाई, पर असंल."

पुराव्याशिवाय मामांनी केलेलं, माझ्या ऐकण्यातलं ते एकच विधान. मी ते तसंच राहू दिलं. "असेल," मी म्हणालो.

त्यानंतर सहा-सात वर्षं मामा होते. देवळात परत गेले नाहीत, पण शनिवारी संध्याकाळी ते खुर्ची देवळाच्या दिशेनं फिरवून बसत. पदाच्या वेळी त्यांचे ओठ हलताना मी रस्त्यावरून पाहिले आहेत. मी दिसलो की हात वर करून रामराम घालत. मला त्या बैलचोरीतल्या माणसाची आठवण यायची, आणि मग एक भयंकर शंका यायची, की मामांना सगळं ठाऊक आहे आणि ते मला तो रामराम जाणूनबुजून घालताहेत. कितीदा त्यांचा चेहरा निरखून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नसायचं. त्यांची संशयाची सवय माझ्याकडे आली होती, आणि त्यांनी बहुधा ती सोडून दिली होती.

माझी बदली नगरला झाली. मामा गेल्याचं पत्र तिथे आलं, आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते गेल्याचं मी समक्ष पाहिलेलं नाही.

आता नगरच्या सावेडीत आमच्या घराजवळ एक छोटं देऊळ झालं आहे. शनिवारी पेन्शनर मंडळी भजनाला जमतात, आणि शेवटी तेच पद असतं. मी सगळ्यांबरोबर म्हणतो, पण मामांच्या शब्दांत: म्हणे पाडिसी, म्हणे पिकविसी, येशिल केव्हा. तिसरी ओळ मात्र मी जुनी आहे तशीच म्हणतो. डोळ्यांनी मी तुज पाहियले. तेव्हा माझ्यासमोर मूर्ती नसते, एक खुर्ची असते, आणि तिचे पाय हलवून पाहणारा हात.

डाव्या हाताला बसणारे गृहस्थ अलीकडे टाळ थांबवून माझ्याकडे कान देतात. काहीतरी वेगळं ऐकू येतंय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. ते एक दिवस जाऊन कुणाला तरी सांगतील. म्हणून अलीकडे मी थोडं मोठ्यानं म्हणतो.